छापील क्षमा

चर्चच्या मंडळीतले लोक तिला लेखिकाबाई म्हणायचे आणि म्हणताना हसायचे. हसण्यासारखंच होतं. बाईचं आजवर एक अक्षर छापून आलं नव्हतं. लहान मुलांच्या मासिकाला तिने मरणावरचं चिंतन पाठवलं होतं, आणि कविता छापतच नाही अशा मासिकाला कवितांची चळत. लिखाण साभार परत आलं की ती संपादकांच्या नावाने बोटं मोडायची आणि रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. दोन्ही अगदी मनापासून.

मग चर्चच्या वाचनालयात तिच्या हाती ते जाडजूड गाइड लागलं. खास ख्रिस्ती लेखकांसाठी काढलेलं. कुठलं मासिक काय घेतं, किती शब्दांत घेतं, कुठल्या संपादकाला कशाचा तिटकारा आहे, सगळं त्यात होतं. सुरुवातीलाच ठळक अक्षरांत सल्ला होता: आधी त्या मासिकाचे अंक वाचा, ते कोण वाचतं हे ओळखा. एवढा वेळ कुणाला आहे म्हणून तिने ते पान उलटलं.

पुढे तिला हवं ते सापडलं. एका मासिकाला ‘क्षमेची साक्ष’ या सदरासाठी खरे अनुभव हवे होते. अट एकच. ज्याला क्षमा केली त्याला संपादक स्वतः फोन करून खात्री करून घेणार.

तिने नणंदेवर लिहिलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, सुनेने त्यांचं सगळं केलं, लेक मात्र मातीलाही आली नाही, आणि तरी सुनेने तिला क्षमा केली. लेख असा उतरला की शेवटाला तिचं तिलाच रडू आलं. क्षमा तेवढी करायची राहिली होती. ती काय, अंक निघेपर्यंत होऊन जाईल, असं तिने गृहीत धरलं.

नणंदेचं शिवणकामाचं दुकान होतं. सासूबाई गेल्यापासून दोघी रविवारी चर्चमध्ये एकमेकींकडे पाठ करून बसत. लेखिकाबाई दुकानात शिरली तेव्हा नणंद कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होती. तिने लेख घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला.

“मी मातीला आले नाही?”

“नव्हतीसच तू.”

“मला कळवलं होतं का तुम्ही, वहिनी?”

“फोन लागत नव्हता.”

“दुकानातला फोन दिवसभर खणखणत असतो. माती लोटून झाल्यावर बरा लागला.”

फोन लागत नव्हता हे साफ खोटं होतं. शेवटच्या दिवसांत सासूबाईंनी लेकीच्या नावाचा धोशा लावला होता. पाठ कोण पुसतंय, चादर कोण बदलतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्याचा लेखिकाबाईला संताप आला होता आणि अजूनही येत होता. तिने फोन उचलला होता आणि नंबर न फिरवताच खाली ठेवला होता.

“संपादकांचा फोन येईल,” ती म्हणाली. “तू फक्त हो म्हण. देवाचं काम आहे.”

“देवाचं की तुमचं?”

“एवढं कर माझ्यासाठी. एकदाच छापून येऊ दे गं.”

नणंदेने कात्री पुन्हा हातात घेतली. “म्हणेन हो,” ती म्हणाली.

ही इतकी सरळ कशी वागली, याचं लेखिकाबाईला वाटेत नवल वाटलं. प्रार्थनेला फळ आलं, असं ठरवून ती घरी गेली.

लेख छापून आला. वर तिचं नाव, ठसठशीत. त्या रविवारी ती ठेवणीतली साडी नेसून चर्चला गेली आणि दारातच थबकली. बाजूच्या टेबलावर त्याच मासिकाचा गठ्ठा होता. तो दर महिन्याला तिथे असायचा. तिने कधी एक अंक उचलला नव्हता. आज त्यातले अंक बाकाबाकांवर होते, उघडलेले.

कुणी अभिनंदन केलं नाही. पाळकसाहेबांनी हात मिळवला आणि लगेच सोडवून घेतला. दफनभूमीची देखभाल करणारे म्हातारबा तेवढे जवळ आले. “तुम्ही घरी गेल्यावर तुमच्या नणंदबाई आल्या होत्या की,” ते म्हणाले. “ओल्या मातीवर पडून रडत होत्या. आम्ही सगळ्यांनीच उठवलं त्यांना.” सगळ्यांनीच पाहिलं होतं. नेमक्या त्याच सगळ्यांसाठी तिने लिहिलं होतं, आणि संपादकाची आवडनिवड पाठ करताना ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

नणंद फाटकाशी उभी होती.

“मुद्दाम हो म्हणालीस,” लेखिकाबाई म्हणाली. “माझी शोभा व्हावी म्हणून.”

“तुम्हीच म्हणालात हो म्हण. मी एक शब्द बदलला नाही.” नणंदेने पिशवी खांद्याला लावली. “ते गाइड मीही बघितलं. त्याच सदरासाठी लिहितेय. संपादकांचा फोन आता तुम्हाला येईल. तेव्हा मला फोन का केला नाहीत ते विचारतील. खरं सांगा.”

मागून लोक बाहेर पडत होते, अंक हातात घेऊन.

“म्हणजे तू मला क्षमा केलीस?”

“अजून नाही,” नणंद म्हणाली. “तुम्ही तरी कुठे केली होती?”