हेमेंद्रच्या नावाची रेघ

सौरव शितोळे माऊसनं काम करायचा, आणि तेवढ्यावरून हेमेंद्र त्याला पाण्यात पाहायचा. नया बाज़ारात कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर महिपतरावांची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी होती. सगळ्यांचा कोड एका सर्व्हरवर जमा व्हायचा आणि कोणी कधी काय बदललं याची तिथं नोंद राहायची. सौरव ती नोंद चित्रात बघायचा. प्रत्येकाची रंगीत रेघ, खाली बटणं. हेमेंद्र काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचा, या शितोळ्यासारखे छावनीतले शिपाईगडी तलवार सोडून बटणं दाबायला लागले. महिपतरावांचा सख्खा भाचा तो, त्याला बोलणार कोण?

मंगळवारी सकाळी सर्व्हरवरचं तीन आठवड्यांचं काम गायब झालं. बाराला गिऱ्हाईक येणार होतं. सौरवनंच भलतं बटण दाबलं, असं हेमेंद्रनं बेधडक सांगून टाकलं. महिपतरावांनी सौरवचं ऐकूनही घेतलं नाही. बारापर्यंत काम परत आलं नाही तर सौरवनं पुन्हा हा जिना चढायचा नाही, असं बजावून ते खाली गेले. बाकीचे अजून यायचे होते.

सौरवनं चित्र उघडलं आणि बघतच राहिला. त्याच्या लॅपटॉपवरची रेघ सगळ्यांच्या कामासकट धडधाकट होती. सर्व्हरची रेघ मात्र तीन आठवडे मागंच तुटून भलतीकडे गेली होती, आणि तिच्या टोकाला हेमेंद्रचं नाव होतं, वेळ आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. कालच तीन आठवड्यांची सुट्टी संपवून आलेला हा बहाद्दर! जुनाच कोड घेऊन बसला. आधी इतरांचं काम उतरवून घे म्हणून सर्व्हरनं अडवलं, तर यानं जबरदस्तीचा हुकूम ठोकून सगळ्यांचं काम पुसलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता आपली रेघ सर्व्हरवर चढवायची, की झालं. सौरवनं माऊस धरला.

"हटा उसको," मागून हेमेंद्र म्हणाला. "त्या रेघेवर नाव दिसतंय माझं."

सौरव हटला नाही. हेमेंद्रनं त्याची मान धरून कपाळ टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. भुवई फाटली, डोळ्यात रक्त ओघळलं. सौरवनं कोपर मागं हाणलं तेव्हा हेमेंद्रनं त्याचा उजवा हात लोखंडी खणात कोंबला आणि गुडघ्यानं खण बंद केला. बोटं मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. सौरव गुरासारखा ओरडला. मग संतापानं त्याला दुखणंही कळेना. त्यानं खुर्चीसकट स्वतःला मागं झोकलं. हेमेंद्रचं डोकं भिंतीवर आदळलं आणि तो खाली बसला. सौरवनं हात खणातून ओढून काढला आणि डाव्या हातानं माऊस धरून बटण दाबलं. तीन आठवडे सर्व्हरवर परत आले.

आवाज ऐकून महिपतराव धावत वर आले. त्यांनी भाच्याकडे पाहिलं, सौरवच्या हाताकडे पाहिलं, मग पडद्याकडे. काम परत आलं होतं, पण बाजूला ती तुटकी रेघ नावानिशी तशीच होती. त्यांनी दार लावून घेतलं.

"बाकी कोणाला दिसायच्या आत हेमूची ही रेघ पुसता येईल?"

"येईल," सौरव म्हणाला. "पण चित्रात त्याला बटण नाही. काळ्या पडद्यावर लांबलचक टाइप करावं लागतं."

"मग कर की."

सौरवनं उजवा हात टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला. तीन बोटं भलत्याच बाजूला वळली होती.

"भाच्याला सांगा, साहेब. त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत."

आणि तो जिना उतरून दवाखान्यात गेला.