अकरा मीटर कमी

वझरवाड्याच्या मैदानाचं स्टेडियम होणार हे ठरलं तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद गौरवीला झाला, आणि त्याचं तिला आजही वाईट वाटतं. ती हायस्कुलात खेळाची शिक्षिका. तिच्या मुलींचा फुटबॉल संघ याच मैदानावर वाढला होता. डिचोलीहून मुळगावकडे जाताना, खाणीची लाल धूळ अंगावर घेत पसरलेलं ते साधं मैदान. तिथे म्हणे आता जगभरच्या युवा संघांची स्पर्धा होणार होती. पंचायतीचा पंच सुदेश म्हणाला, एक वर्ष कळ काढा, मग मुली विदेशी गवतावर खेळतील. गौरवीने विश्वास ठेवला. मैदानाभोवती पत्रे ठोकले गेले आणि एका वर्षाची तीन वर्षं झाली.

तीन वर्षांत काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पायाभरणीच तीनदा झाली. पहिल्या आराखड्यात पाच हजार खुर्च्या होत्या. निधी मोठा मागायचा तर खुर्च्याही जास्त दाखवायला हव्यात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या पंधरा हजार झाल्या. वाड्यावरची सगळी माणसं, त्यांचे पाहुणे आणि गोठ्यातली गुरं आणून बसवली तरी निम्म्याहून जास्त रिकाम्या राहिल्या असत्या, पण ते सोडा. खुर्च्या वाढल्या म्हणून गाड्या लावायची जागा वाढली. मग पाहुण्यांचा जेवणकक्ष आला, पत्रकारांसाठी काचेची खोली आली, आणि जे आलं ते थोडं थोडं आत सरकत गेलं. निधीचा पहिला हप्ता मिळाला तेव्हा आधी मंत्र्यांच्या बैठकीवर छप्पर चढलं, कारण उद्घाटनाला कुणाला ऊन लागता कामा नये. दुसरा हप्ता वाटेत होता. खेळाडूंच्या खोलीत बेळगावकडचा रखवालदार मारुती आणि त्याची बायको अनुसया यांनी संसार थाटला होता, आणि नव्या गोलच्या खांबाला तिची लुगडी वाळत. एवढ्या मोठ्या कामाचा ज्यांना उपयोग झाला अशी ती दोनच माणसं.

मुलींना जागा दिली ती दत्तारामकाकांनी. पावसाळी भात कापून झालं की त्यांचे दोन कुणगे, म्हणजे शेताचे बांधलेले तुकडे, मोकळे असत, पण एका कुणग्यात फुटबॉल मावत नव्हता. तेव्हा त्या म्हाताऱ्याने मधली मेर स्वतःच्या हाताने फोडून दिली. आपल्याच शेताचा बांध आपणच फोडायचा म्हणजे काय, हे ज्याचं शेत असेल त्यालाच कळेल.

"मिरग येयसर शेत तुमचां, बाये," ते गौरवीला म्हणाले. "मागीर मेर तेवढी परत घालून दियात."

मुलींनी कोयते आणून धसकटं काढली, बांबूचे खांब रोवले, हरमलच्या किनाऱ्यावरच्या रापणकार मच्छीमारांची फाटकी जाळी मागून आणून गोलला बांधली. पाऊस जवळ आला की त्या चिखल थापून मेर घालून देत. भात कापलं की काका पुन्हा ती फोडून देत. त्याच शेतातून तिघीजणी राज्याच्या निवड चाचणीपर्यंत पोचल्या.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत स्पर्धेची पाहणी समिती येणार असं कळलं. सुदेशने शाळेत निरोप धाडला की मुलींना नऊवारी नेसवून फुगडीला उभं करा, आणि बाईंनी मैदानाबद्दल अवाक्षर काढू नये. समितीची प्रमुख एक उंच परदेशी बाई होती. तिने फुगडी हसतमुखाने पाहिली, छपराचं कौतुक केलं, शहाळं प्यायली आणि मग पिशवीतून मोजायची टेप काढली. सुदेशच्या तोंडचं पाणी पळालं. तिने एकदा मोजलं, खात्री करायला पुन्हा मोजलं. एवढं सगळं आत सरकल्यावर खेळायची जागा अकरा मीटर कमी पडली होती. आराखडा करणाऱ्या सल्लागार कंपनीच्या माणसाने तिला धीर दिला, की खुर्च्या मात्र नियमापेक्षा जास्त आहेत.

तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. फुगडी घालणाऱ्या मुलींच्या नडग्यांवर चेंडूचे वळ आणि जुने ओरखडे दिसत होते. या मुली खेळतात कुठे, असं तिने विचारलं.

गौरवी तीन वर्षं राग गिळत आली होती. तो सगळा राग एकदम वर आला.

"चला, दाखवते," ती म्हणाली.

शेतात मुली नऊवारी खोचून तशाच खेळल्या. परदेशी बाईने टेप टाकली. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, माती घट्ट, उतार नावाला नाही. तिने गौरवीचे दोन्ही हात हातात घेतले. मेरेवर घाम पुसत उभ्या असलेल्या सुदेशकडे पाहताना गौरवीला वाटलं, आज सगळं भरून पावलं. परतताना तिने पोदेराची सायकल थांबवून मुलींना गरम पाव वाटले.

पंधरा दिवसांनी शेतात मोजणीदार उतरले. त्यांच्या मागोमाग पत्रे आले, आणि पत्र्यांवर पाटी: आंतरराष्ट्रीय सराव मैदान, प्रवेश बंद. सुदेश स्वतः पेढे घेऊन शाळेत आला. समितीला शेत पसंत पडलं, बाई, तुमच्यामुळे दुसरा हप्ता सुटला, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. चौथ्या पायाभरणीच्या दगडावर प्रेरणास्थान म्हणून गौरवीचं नाव कोरलं होतं. नव्या आराखड्यात शेताला तीन हजार खुर्च्या होत्या.

दत्तारामकाका भूसंपादनाची नोटीस हातात घेऊन पत्र्याबाहेर उभे होते. गौरवी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मेर घालूची रवली, बाये," एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मुली बूट घेऊन शाळेच्या फाटकाशी जमल्या. खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यामागे एक सपाट माळ होता, तो गोलरक्षक ऋतिकाने हेरून ठेवला होता. गौरवी त्यांच्याबरोबर निघाली. अर्ध्या वाटेवर ऋतिका थांबली आणि बाकीच्या पुढे जाईपर्यंत चपलेचा पट्टा नीट करत राहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ह्या फावट तरी माळ कोणाक दाखवू नकात."