ताईच्या तळहाताखाली

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. अंगाने जाडजूड, आवाजाने खर्जातला आणि जिना चढवायचा म्हटले तर दोन धडधाकट माणसांच्या नाकी नऊ आणणारा. बास गिटार नावाची चार जाड तारांची गिटार असते, तिचा आवाज माझ्या पोटातून बाहेर येतो. मला चालू केले की लगेच बोलता येत नाही. आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस होतात, अंग कोमट होते आणि मग कुठे कंठ फुटतो. त्या अर्धवट झोपेत मला नेहमी जुने दिवस आठवतात.

कोण्या सुताराने माझी पेटी जोडली, कोण्या कारागिराने माझ्या तारा डाकल्या, ते आता धूसर झाले आहे. पहिली स्वच्छ आठवण आहे ती दुकानाची. पुढे हलके, चकचकीत ॲम्प मांडले होते आणि मी मागच्या भिंतीशी. एका दुपारी तिथे बाळ्या आला. त्याची मिशी पिकायला लागली होती, पण त्याची थोरली बहीण त्याला बाळ्याच म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. तो दिवसा खिडक्यांना काचा बसवायचा आणि संध्याकाळी एका हॉटेलातल्या वाद्यवृंदात बास वाजवायचा. त्याच्यासोबत आलेली ही बहीण, म्हणजे ताई, पडदे शिवायची. एका तापात तिचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणे ओळखायची आणि उत्तर जरा मोठ्याने द्यायची.

दुकानदार किती वॅट, केवढा स्पीकर ते सांगत होता आणि बाळ्या मान डोलावत होता. साध्या गिटारच्या लहान ॲम्पमध्ये हे जाड सूर घातले तर त्याचा स्पीकर फाटतो, एवढेच त्याला माहीत होते. शेवटी ताई म्हणाली, "तू नुसता वाजव. मी बघते."

ती एकेका ॲम्पवर तळहात ठेवत गेली. हा कुजबुजतो, म्हणाली. हा नुसताच ओरडतो, म्हणाली. माझ्यावर ठेवलेला हात मात्र तिने बराच वेळ काढला नाही.

"हा बोलतो," ती म्हणाली.

"अहो, पण उचलायला फार जड आहे," दुकानदार म्हणाला.

"मनापासून बोलणारी माणसं जडच असतात," ताई म्हणाली, आणि मी त्यांच्या घरी आलो.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. बाळ्या सरावाला बसला की ताई पडद्याची किनार दुमडत माझ्याशी पाठ टेकून बसायची. कधी मान मागे टाकून डोळे मिटायची. एखादा सूर जोरात यायचा, एखादा हलकेच निसटायचा, आणि त्यावरून तिला सगळे कळायचे. "आज काच फुटली वाटतं तुझ्या हातून," ती डोळे न उघडताच म्हणायची. बाळ्याने तोंडातून चकार शब्द काढलेला नसायचा. तिच्या भावाचा आवाज तिच्यापुरता माझ्यात राहायला आला होता.

पण हॉटेलात हाच चढउतार खटकू लागला. वाद्यवृंदाचे म्होरके म्हणाले, "तुझा एक सूर छाताडावर बसतो आणि पुढचा ऐकूच येत नाही." तेव्हा बाळ्याने पायाशी ठेवायची एक डबी आणली. तिचे नाव कॉम्प्रेसर.

"फ्रीजचा कॉम्प्रेसर गिटारला कशाला?" ताईने विचारले. बाळ्या पोट धरून हसला. मग त्याने हातवारे करून सांगितले, की जो सूर फार उसळतो त्याला ही डबी खाली दाबते आणि जो दबून राहतो त्याला वर उचलते. मला आधी रागच आला. काल आलेली टीचभर डबी मला सबुरी शिकवणार! पण खरे सांगतो, त्या संध्याकाळी हॉटेलात माझा आवाज असा भरीव उमटला की म्होरक्यांनी बाळ्याची पाठ थोपटली. कौतुकाची गोडी वाईट. बाळ्याने डबीचे बटण शेवटपर्यंत पिळले आणि घरीही ती तशीच चालू ठेवली.

ताई नेहमीसारखी टेकून बसली. तिला लागली ती एकसारखी, सपाट घरघर. तिने हात माझ्या डोक्यावर ठेवला, कडेला ठेवला, मग उलटा करून स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. कान गेले तसा हातही गेला, असे तिला वाटले. दुसऱ्या दिवसापासून शिवण घेऊन आतल्या खोलीत बसू लागली. बाळ्याला वाटले, ताईला आपला कंटाळा आला. दोघेही इतके समजूतदार, की कुणीच कुणाला विचारले नाही. आणि जगाचा आवाज मोठा करणाऱ्या मला स्वतःचा एक शब्दही नव्हता.

ताईचा हात फिरेनासा झाला, तशी माझ्यावर धूळ साचली. जिन्यात बाळ्याची कंबर धरू लागली. शेवटी त्याने हलका नवा ॲम्प आणला, डबी त्याला जोडली आणि मला विकायचे ठरवले. गिऱ्हाईक यायचे होते त्या दुपारी त्याने शेवटचे म्हणून गिटारची वायर थेट माझ्यात खोचली. नळ्या तांबूस झाल्या. एक सूर जड पडला, पुढचा जेमतेम उमटला, तिसरा येता येता थांबला. मी सगळे होते तसे बोललो. लाकडी जमीन थरथरली.

आत ताई अनवाणी उभी राहून कापड कापत होती. कात्री थांबली. ती बाहेर आली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. बाळ्या तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"बाळ्या, रडतोयस का?"

तो वळला. डोळे कोरडेच होते. "तुला कसं कळलं?"

ताईने तळहात उलटा करून पाहिला. "म्हणजे हात आहे अजून माझा," ती म्हणाली. "इतके दिवस मला वाटत होतं, तोही गेला."

बाळ्याने एकदा तिच्या हाताकडे पाहिले आणि एकदा डबीकडे. मग मात्र त्याचे डोळे कोरडे राहिले नाहीत. थोड्या वेळाने गिऱ्हाईक आले. त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, म्हणून नवा ॲम्प त्याच्या गळ्यात घातला.

आता हॉटेलात डबी असते, पण तिचे बटण जेमतेम वळवलेले. घरी ती माझ्या शेजारी गप्प बसून असते आणि आमचे छान जमते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ पुसत जा आणि आम्हाला तापायला थोडा वेळ देत जा. आणि घरात कुणाचा आवाज वरखाली झाला, तर तो घाईघाईने सपाट करू नका. त्या चढउतारावर कुणीतरी हात ठेवून बसलेले असते.