प्रोसेसर थोरल्याचा, बोर्ड धाकट्याचा

नातीचं वागणं आजीला पहिल्यापासून पटत नव्हतं. कोणी हातात काही ठेवलं तर माणसानं आधी हसावं, "अगंबाई, कशाला एवढं" म्हणावं, वस्तू कपाटात टाकावी आणि मग एकटं असताना काय ती नाकं मुरडावीत. पण ही पोरगी खोकं हातात आलं रे आलं की उलटं करायची आणि बुडाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाचत बसायची. देणारा समोर उभा, त्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून ही खोक्याच्या बुडाकडे बघते! "म्हशीचे दात मोजायला आलीये जशी," आजी म्हणायची. नात म्हणायची, "दात मोजूनच घ्यायची असते गं म्हैस." एवढं तोंड.

नात म्हणजे मुलीची मुलगी. शिकायला म्हणून आजोळी आली आणि राहिली. घर तसं साधंच. रस्त्याच्या अंगाला आजीचं गाद्या-उशांचं दुकान, मागे आजीची खोली, तिला लागून थोरल्या मुलाचा संसार. वर धाकट्याचा. मधे जिना. आणि त्या जिन्यावरून खालीवर करणारी आजी, कारण दोघा भावांत बोलणं नव्हतं.

भांडण शिडीवरून झालेलं. थोरल्यानं शिडी दिली, धाकट्यानं वापरून परत केली, आणि परत आली तेव्हा तिला एक पायरी कमी होती. थोरला म्हणाला, मोडलीस. धाकटा म्हणाला, मोडकीच दिलीस. तेव्हापासून पाण्याचा पंप कधी लावायचा, विजेचं बिल कोणी भरायचं, सगळं आजीच्या तोंडून. गुडघे कुरकुरत, पण मान मोठा होता. दोन घरांची चावी एकीच्या कमरेला असावी, तसं.

आता नातीला काम मिळत होतं. गावातल्या फर्निचरवाल्याला गिऱ्हाइकांच्या खोल्यांची चित्रं संगणकावर काढून हवी होती. कपाट कुठे, ओटा कुठे, दार उघडलं तर कशाला आपटतं, असं. तो म्हणाला, "पोरी, हात चांगला आहे तुझा. पण संगणक तुझा हवा. सोमवारपासून बसलीस तर काम तुझं. नाहीतर माझा भाचा तयारच आहे." भाचे लोकांचे कायम तयारच असतात.

तयार संगणक परवडेना. नात म्हणाली, सुटे भाग आणून मी स्वतः जोडते, त्यात निम्म्यानं भागतं. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे दिले तर झालं.

"पैसे नाहीत," आजीनं निकाल दिला. "पैशाला पाय फुटतात. ज्यानं त्यानं वस्तू द्यायची. दिलेली वस्तू डोळ्यांना दिसते, आणि कोणी काय दिलं तेही दिसतं."

"आजी, भाग एकमेकांना जुळावे लागतात. एकानंच घ्यावे सगळे."

"अगं, माणसं जुळवली मी या घरात. डबे जुळवता येणार नाहीत?"

तर वाटणी झाली. थोरल्याकडे प्रोसेसर, कारण तो संगणकाचा मेंदू आणि मेंदूचा मान थोरल्याचा. धाकट्याकडे मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळं बसतं ती पाटी. गावातच दिलेल्या मावशीकडे पेटी, म्हणजे हे सगळं ज्यात बसवतात ती. रॅम आणि डिस्क नातीनं स्वतःच्या शिकवण्यांतून घ्यायची. पडदा मैत्रिणीकडून जुना मिळत होता.

"आणि पॉवर सप्लाय," नात म्हणाली. "वीज वाटून देतो तो डबा. तो स्वस्तातला घेतला तर एक दिवस बाकी सगळं जाळतो."

"बाहेरून दिसतो?"

"नाही. पेटीच्या आत, कोपऱ्यात."

"मग कोण देणार तो!" आजी म्हणाली, आणि खरंच कोणी दिला नाही.

नातीनं एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. प्रोसेसर ज्या कंपनीचा, बोर्ड त्यालाच चालणारा हवा. एका कंपनीचा मेंदू दुसरीच्या पाटीवर बसत नाही. "मीच दोन्ही मामांना सांगते," ती म्हणाली.

"तू गप्प बैस. लहान तोंडी मोठा घास नको. निरोप मी देते."

थोरल्यानं प्रोसेसर आणला, चांगला महागातला, आणि नातीच्या देखतच आजीला म्हणाला, "वरच्या शहाण्याला सांग, डोकं चालवू नकोस म्हणावं. या खोक्यावर नाव आहे, त्याच्याच जोडीचा बोर्ड आण. नाहीतर शिडीसारखं करून ठेवेल."

आजी खोक्यावरचं नाव घोकत जिना चढली. अर्ध्या जिन्यावर दम खायला थांबली, आणि तिथेच तिनं निरोप नेहमीसारखा निवडून घेतला, तांदूळ निवडतात तसा. 'शहाणा' काढला. 'डोकं' काढलं. 'शिडी' तर काढायलाच हवी होती. एवढं काढल्यावर जे उरलं ते फारच हुकूम सोडल्यासारखं वाटायला लागलं. 'याच्याच जोडीचा आण' म्हणजे काय, धाकटा काय थोरल्याचा गडी आहे? म्हणून वर जाऊन ती म्हणाली, "दादा म्हणतो, तुझ्या पसंतीनं आण. तुझी पसंती चांगली."

धाकट्यानं भुवया वर केल्या. "दादा म्हणाला असं?"

"मग काय मी म्हणाले?"

"बरं," धाकटा म्हणाला. त्या 'बरं'मधे काय होतं ते आजीला तेव्हा कळलं नाही. तिला वाटलं, विरघळला.

शनिवारी सगळी खोकी आजीच्या खोलीत आली. मावशीनं आणलेली पेटी काचेची होती, तीन पंख्यांची, आणि पंख्यांत रंगीत दिवे. "बघत राहावंसं वाटतं की नाही?" मावशी म्हणाली. नातीनं पेटी उलटी केली. "याला जाळी नाही, मावशी. दुकानातला कापूस आत जाईल. आठवड्याभरात आत उशी तयार होईल." मावशीचं तोंड उतरलं. आजीनं नातीला चिमटा काढायला हात लांब केला, पण पोरगी पुढच्या खोक्याकडे सरकली होती.

थोरल्यानं शिवाय एक हत्यारांची पेटीही पाठवली होती, कारण धाकट्याचा बोर्ड मोठ्या खोक्यात आला असं त्यानं खिडकीतून पाहिलं होतं. पेटीत पाने, पकडी, चिमटे, नाना टोकांचे पेचकस, मखमलीत निजवलेले. एवढ्या हत्यारांत आगगाडी खोलता आली असती.

"मला एकच पेचकस हवा होता," नात म्हणाली. "फुलीच्या टोकाचा. टोकाला लोहचुंबक असलेला, म्हणजे स्क्रू आत पडत नाही."

"पेचकस तर दुकानातही आहे," आजी म्हणाली.

"तुझा पेचकस पिंजणयंत्राचा आहे गं. त्यानं संगणक नाही, माणूस मरेल."

एवढ्यात तिनं बोर्डाचं खोकं उलटं केलं. मग प्रोसेसरचं. मग पुन्हा बोर्डाचं.

"आजी, हे एकमेकांवर बसणार नाही."

"बसेल. जरा दाबून बसव. कापूस बसतो की दाबला की."

"दाबलं तर पिना मोडतील आणि दोन्ही जातील. कंपन्याच वेगळ्या आहेत." ती खाली बसली. "आज शनिवार, आजी. परवा फर्निचरवाल्याचा भाचा बसेल तिथे." आणि मग, हळूच, "तू धाकट्या मामांना निरोप काय दिलास?"

आजीनं पदर सावरला. "तुझ्या पसंतीनं आण म्हटलं. मी काय पोस्टमन आहे, जसाच्या तसा द्यायला? जसेच्या तसे दिले असते ना, तर या घराचा जिना कधीच उखडून पडला असता!"

नात खोकी सुलटी करून एकावर एक रचायला लागली. हेच आजीला सगळ्यात खुपलं. रडली असती तर पाठीवर हात फिरवता आला असता, भांडली असती तर दोन शब्द सुनावता आले असते. ती उठली, चपला न घालताच थोरल्याच्या दारात गेली. आजी मागोमाग जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"मामा, आजीनं तुमचा निरोप बदलून सांगितला. बोर्ड दुसऱ्याच कंपनीचा आलाय. सीलं मी फोडलेली नाहीत. दोन्ही परत करते, मला बिल द्या."

"दोन्ही का? त्याचं परत कर! माझं काय चुकलं?"

"तुमचं चुकलं नाही, पण तो माझ्या कामाच्या मानानं फार मोठा आहे. मधला पुरतो. उरलेल्यात चांगला पॉवर सप्लाय येईल आणि रॅम दुप्पट होईल."

"मधला?" थोरल्याचा आवाज चिरकला. "माझ्या भाचीला मधला?"

"भाचीला काम हवंय, मामा."

मग कपाटाचं दार वाजलं. "हे घे. हत्यारांचंही घे. पण बदलण्यासारखं होतं तरी काय माझ्या निरोपात?"

"'डोकं चालवू नकोस' म्हणालात तुम्ही."

"मग? बरोबरच होतं की!"

नात आजीच्या अंगावरून जिना चढून गेली. आजीनं डोळे मिटले. आता ही वर जाऊन जसंच्या तसं ओतणार. कडेलोट. तिनं इतकी वर्षं धरून ठेवलेलं छप्पर आता डोक्यावर येणार.

"मामा," वरून ऐकू आलं, "तुमच्या पसंतीनं आणा असं थोरले मामा म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, वरच्या शहाण्याला सांग डोकं चालवू नकोस, माझ्या जोडीचा बोर्ड आण, नाहीतर शिडीसारखं करून ठेवशील."

आणि मग धाकटा हसला. नुसता नाही, भिंतीला टेकून, खोकला येईपर्यंत.

"हा! हा आमचा दादा! अगं, मला वाटलं टोमणा मारतोय. 'तुझी पसंती चांगली' म्हणे! पंपाचा निरोप आला की 'तुला सोयीचं पडेल तेव्हा लाव', बिलाचा आला की 'तू म्हणशील तसं'. एवढं गोड माणूस कधी बोलतं? हिणवायचं असेल तेव्हाच! म्हणून त्याच्या खोक्यावरचं नाव खिडकीतून बघून मी मुद्दाम दुसऱ्या कंपनीचा आणला, त्याच्याहून भारीतला; जोडी जुळावी लागते हे मला कुणी सांगितलंच नाही. म्हटलं, बघ माझी पसंती!"

आजी जिन्यावरच बसली. तिच्या मुरांब्याला पोरगा इतकी वर्षं मिरचीची पूड समजून ठसकत होता.

धाकटा बिल घेऊन कठड्याशी आला आणि आईच्या डोक्यावरून खाली ओरडला, "काय रे दादा, डोकं कुणाचं चालत नाही? एवढ्या पोरीला चित्रं काढायला तू तोफ घेऊन आलास!"

खालून उत्तर यायला क्षणही लागला नाही. "तू आधी माझ्या शिडीची पायरी बसवून दे! मग तोंड उघड!"

"मोडकीच होती!"

"तुझं वजन बघ! लोखंडाची असती तरी मोडली असती!"

आणि सुरू झालं. जिन्याच्या मधोमध आजी, तिच्या डोक्यावरून शिव्या जातायत-येतायत, आणि कुणालाच तिची गरज नाही. ती एकदा "अरे, त्याला तसं म्हणायचं नव्हतं," असं म्हणाली. दोघांनी एकदमच तिला सांगितलं, "आई, तू मधे पडू नकोस." इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

नात तेवढ्यात मावशीकडूनही बिल घेऊन संगणकाच्या दुकानात जाऊन आली. मावशीनं ते लगेच दिलं म्हणे, वर म्हणाली, "दिवे मलाही जरा जास्तच वाटले होते." आजीला हे खरं वाटेना. पण खोटं बोलायचं या पोरीला कुठे येतं?

येताना तिच्या हातात एक पत्र्याची करडी पेटी होती, पुढे बारीक जाळी असलेली, बघत राहावंसं काहीही नसलेली. मधला प्रोसेसर, त्याच्याच जोडीचा बोर्ड, जड भरीव पॉवर सप्लाय, दुप्पट रॅम, आणि एक पेचकस.

रविवारी सकाळी ती दुकानातल्या कापण्याच्या लाकडी टेबलावर बसली. आजीनं मऊ पडेल म्हणून कोरी गादी अंथरून दिली होती, ती तिनं आधी बाजूला केली. कापडावर घासून वीज तयार होते म्हणे आणि भाग मरतात. आजी उशीला टाके घालत दुरून बघत होती. मेंदू पाटीवर ठेवताना पोरीनं दाबलं नाही. नुसता ठेवला, आपोआप बसला. त्यावर राखाडी मलम वाटाण्याएवढं लावलं आणि वर पंखा आवळला. एका कोपऱ्याचा स्क्रू थोडा, मग समोरच्या कोपऱ्याचा, मग पुन्हा पहिल्याचा. गादीचे कोपरे आजी असेच शिवते, म्हणजे एकीकडे ओढ बसत नाही. तिनं हे बोलून दाखवलं नाही.

शेवटी नातीनं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

आजीच्या पोटात हलकेच बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगा. नातीनं पेटीच्या मागे हात घातला, पॉवर सप्लायचा स्वतःचा खटका वर केला आणि पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. जिन्यावर चाललेलं भांडण थांबलं आणि दोन्ही मामा एकाच दारातून एकाच वेळी आत यायला बघत अडकले.

"माझा असता तर याहून लवकर चालू झाला असता," थोरला म्हणाला.

"कशावर बसवला असतास? शिडीवर?" धाकटा म्हणाला.

सोमवारी फर्निचरवाला येऊन यंत्र बघून गेला. पहिलं काम दिलं आणि जाता जाता म्हणाला, "पैशाचं आपण मागाहून बघू, घरचीच माणसं आपण." आजीनं सवयीनं तोंड उघडलं; अशा वेळी काय गोड बोलायचं ते तिच्या जिभेवर तयारच असतं. पण नात त्याआधी बोलली, "नाही काका, आत्ताच ठरवू." आणि ठरवलं. माणूस जरा चमकला, पण रागावला नाही. उलट बसून चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर आजीनं सुई उशीत टोचून ठेवली. जिन्यावर थोरला धाकट्याला पंपाच्या वेळेवरून काहीबाही म्हणत होता, थेट, खणखणीत.

"इकडे ये," ती म्हणाली. "बैस. सांगते ते ऐक, मधे बोलू नकोस. तू उद्धट आहेस. घरच्यांनी मानानं दिलेल्या वस्तू दुकानात नेऊन आपटल्यास, एकाचंही मन राखलं नाहीस, आणि वर कुणी रागावलं नाही हे माझं नशीब, तुझी हुशारी नव्हे. दोन भावांना जिन्यावर कुत्र्यांसारखं भांडायला लावलंस, दुपारची झोप गेली माझी. एवढं सगळं करून यंत्र मात्र चालू केलंस. म्हणून सांगते. उद्यापासून या घरातले निरोप तू न्यायचेस. माझे गुडघे दुखतात."