शेकड्याची बरकत

म्हसवडच्या आठवडी बाजारात इमाम मुलाणी गेली चाळीस वर्षे सुके मासे विकत होते आणि बोंबील त्यांनी कधी तोलून दिला नव्हता. तो मोजून द्यायचा, हा वडिलांचा दंडक. मिठाने आणि दमट हवेने वजन फुगते. शंभर मात्र शंभरच राहतात. पाच-पाच बोंबील वीस वेळा उचलायचे, वर पाच वरकड टाकायचे, की गिऱ्हाइकाला बोलायला जागा उरत नसे.

धोंडुबाई मात्र आठवड्यातच परत आली. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली ही बाई त्यांचे जुने गिऱ्हाईक.

"आवं इमामभाई, मागल्या बाजारचा शेकडा चार दिसांत सपला. खाणारी तोंडं तीच हायती, सात."

"मोजून दिला हुता. वर पाच."

"मीबी मोजला. मोजाय तुमी चुकला न्हाई. पर ह्यो बोंबील हाय का खराट्याची काडी? कालवणात हुडकाय बॅटरी लागती."

शेजारचा कांदेवाला रविराज खो खो हसला. इमाम हसले नाहीत. त्यांनी रविराजचा काटा मागून घेतला आणि त्यावर मोजून शंभर बोंबील ठेवले. अर्धा किलो भरले.

आकडा पाहून ते मनात हिशेब मांडू लागले. किनाऱ्यावरचा दलाल त्यांना चाळीस किलोंचे पोते वजनावर देई. वडिलांच्या काळी त्या पोत्यातून वीस शेकडे निघत. मग तीस निघू लागले, पन्नास, आणि आता ऐंशी. शेकडे वाढत गेले तसतशी इमामांनी दरवर्षी अल्लाची बरकत मानली होती. मासा लहान होत होता, एवढी साधी गोष्ट मोजणाऱ्या हाताला कळली नव्हती.

त्यांनी दलालाला फोन लावला. "मोठा माल हाय का?"

"मोठा कुठून आणू, चाचा? जाळ्यांची भोकं इतकी बारीक झालीत की पिल्लू वाढायच्या आधीच वर येतं. आता होड्या लांब जातात नि निम्म्या रिकाम्या येतात. पुढचं पोतं टाकू ना?"

"नको."

"नको म्हणजे?"

"न्हाई परवडत, गड्या. मला न्हाई, समुद्राला."

फोन ठेवून त्यांनी काट्यावर वडिलांच्या काळच्या शेकड्याइतके दोन किलो भरेपर्यंत बोंबील टाकले आणि धोंडुबाईच्या पिशवीत ओतले.

"आवं, एवढं मागाय मी आली न्हवती."

"तुमचा शेकडा एवढाच असतो. घ्या."

"मग मागल्या सालचंबी द्या की," ती म्हणाली. पण त्यांचा चेहरा पाहून तिने पिशवीचे तोंड बांधले.

मागे उभ्या माणसाने शेकडा मागितला. "मोजून देत न्हाई आता," इमाम म्हणाले, "बसा, दोन किलो तोलून देतो." पिल्ले हातातून निसटत होती. दुपार व्हायच्या आत पोत्याचा तळ लागला आणि बाजार ऐन भरात असताना इमामांनी बारदान झटकून घडी घातली.