केळं, अननस, टोमॅटो

लाल झाकण शेवटच्या फेऱ्यात जरा तिरकंच बसलेलं, आणि सगुणाचा अंगठा काल सकाळपासून जसा पुन्हापुन्हा तिथे जातो तसा आत्ताही गेलेला — घट्ट आहे ना... आहे. दिघीच्या जेटीपासून फेरीबोट सुटली तसा मांडीवरचा कॅन हलला आणि आत काहीतरी डुचमळलं. काहीतरी म्हणजे काय, माझंच. चोवीस तासांची लघवी, तळाशी लॅबवाल्यांनी घालून दिलेलं ॲसिड, आणि वरून कुणाला दिसू नये म्हणून गुंडाळलेली मासळीची नवी पिशवी.

"काय गो सगुणा, कॅनमदी काय?" समोर टोपलीवर कोपर टेकून बसलेली चंद्राबाई. "माडी हाय वाटतं! आमाला पन चाखू दे."

"औषध हाय."

"आमचा म्हातारा पन तिला औषधच म्हनतो!"

सगळी बोट हसली. आणि ते सुरू झालं — गळ्याच्या खाचेतून वर, हनुवटीवर, गालांवर, कानांच्या पाळ्यांपर्यंत, जणू कुणी आतून चुलीत फुंकणी घातली आहे... खाज नाही, दुखणं नाही, नुसता जाळ, आणि ज्याला डोळे आहेत त्याला दिसणारी लाली. हसा. बघा आणि हसा. दोन वर्षं हेच चाललंय. एका डॉक्टरने मलम दिलं, दुसऱ्याने पाळी जायचं वय झालं म्हणून सांगितलं, तिसऱ्याने माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "घरात टेन्शन आहे का?" — आणि विनेशने मान हलवली! माझ्या चेहऱ्याबद्दल त्याची मान. अलिबागच्या नव्या डॉक्टरीणबाईच काय त्या म्हणाल्या, की शरीरात एखादी गाठ असेल, ती रक्तात काही सोडत असेल, या तपासणीत दिसेल. गाठ! माणसं देवाकडे काय काय मागतात, आणि मी गाठ मागत होते. कारण गाठीला नाव असतं.

आगरदांड्याला उतरून एसटीत बसली तरी चंद्राबाईचं हसू कानात होतं. खरं तर चंद्राबाईचं काही नाही, ती तोंडावर बोलते. नीराबाई — सख्खी जाऊ — ती देवळाच्या पायरीवर बायकांच्या कानात बोलते. कीर्तनात सगुणा टाळ घेऊन गुणाजीबुवांच्या मागे उभी राहिली, अभंगाचं चरण वर गेलं, तिचा आवाज त्यामागून गेला, की चेहरा पेटायचाच. आणि नीराबाई पदराआड म्हणायची, बघा, पिऊन उभी आहे देवापुढे. देवापुढे! कीर्तन म्हणजे माझा श्वास आहे गं बाई, दिवसभराचा चिखल त्या दोन तासांत धुऊन निघतो... तिथेच हे बोललीस. महिनाभर सगुणा मागच्या खांबाशी बसली, टाळ गुंडाळून.

आणि काल संध्याकाळी बुवांनी तिला हाक मारून उभं केलं. आरती झाली, तशी सगळ्या गावादेखत प्रसादाचा पहिला द्रोण तिच्या हातात दिला. "घे गो बाय. देवाला तुजा चेहरा चालतो, मंग बाकीच्यांचं काय?" नीराबाईने मान खाली घातली. केवढी गार झाली होती मी आतून! शिरा सगुणाने तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, बोटं चाटून संपवला.

अलिबागला लॅबच्या काउंटरवर शिवानी नावाची मुलगी होती. तिने कॅनवर चिठ्ठी चिकटवली. "तीन दिवस केळं, अननस, टोमॅटो, वांगं... काही खाल्लं नाही ना?"

"न्हाय." तीन दिवस कालवणात टोमॅटो नाही, नुसती आमसुलं.

"नक्की? केळ्याने आकडा उगाच चढतो. नसलेला आजार दिसतो मग."

केळं — आणि जिभेवर वेलची आली. तूप आलं. शिऱ्यात कुस्करलेलं, काळसर पडलेलं, गोड... तीन दिवस घास घास मोजला आणि प्रसाद मोजलाच नाही. उपासालाही कोण मोजतं?

बुवा, तुम्हाला कालच सुचायचं होतं? आणि तू रे, विटेवरच्या, गाभाऱ्यातून बघत होतास ना? तुझ्याच हातचं खाल्लं मी. इतकी माणसं पोटभर खोटं खाऊन झोपतात, त्यांना काही होत नाही, आणि माझ्याच द्रोणात...

पण आकडा चढेल. चढू दे! नसलेला तर नसलेला, आजार कागदावर येईल, छापील, शिक्क्यासकट, आणि तो कागद मी नीराबाईच्या तोंडावर... विनेशच्याही. एक शब्द बोलायचा नाही, बस. "न्हाय" म्हणून झालंच आहे.

"लिहू ना?" शिवानीने वर बघितलं आणि थांबली. गळ्याशी जाळ उठला होता. "हेच का ते? असं होतं?"

ती हसली नाही. नजरही वळवली नाही. आभाळात ढग भरताना बघावं तशी कुतूहलाने बघत राहिली, कपाळापासून मानेपर्यंत. सगुणाचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला. नीराबाईचं पडलेलं तोंड ती डोळ्यांपुढे आणू बघत होती, ते येईना. येत होती ती ही धग, लाटेसारखी, कुठून तरी... कुठून? माझ्याच कातडीखाली दोन वर्षं राहते आणि तिचा पत्ता मला ठाऊक नाही. कुणाला दाखवायचा कागद घेऊन मी काय करू? मला कळलं पाहिजे. मला. राग होता तसाच होता, उलट वाढलाच होता, आणि त्याला आता कुणाच्या हशाची पर्वा नव्हती. तुझ्याशीही भांडेन मी, देवा, रोज टाळ हातात घेऊन भांडेन, पुन्हा कॅन मांडीवर घेऊन त्या बोटीत बसावं लागलं तरी...

शिवानी पेन धरून वाट बघत होती. सगुणाने पदर सोडला. "थांब बाय, लिवू नको. काल परसादात केळं व्हतं." चेहरा धगधगत होता, काउंटरमागच्या पांढऱ्या दिव्यात सगळा उघडा, आणि तो निवायची ती वाट बघत नव्हती.