अक्षयाच्या कानांवर चार वर्षे

मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गाद्यांची साल निघाली आहे आणि वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. माझी हौस मात्र अजून फिटलेली नाही!

मित्रांनो, कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटले होते, आता गाणी ऐकवायची. नशीब घेऊन आले कोकणातल्या मसुऱ्याला, अक्षयाच्या माडीवर. ती घरी बसून आपल्या कंपनीतर्फे परमुलखातल्या कंपन्यांना सल्ला देई. पहिल्या वर्षी ती मला मऊ फडक्याने पुसायची. पुढे तिचे हसणे आटले. दिवसाला आठ मीटिंगा, पण "जेवलीस का?" असे विचारणारे त्यांत कोणी नाही. तिच्या कानशिलाची नस धडधडली की मीही घाबरायचो.

मग तिने गुपचूप कणकवलीच्या काजू कारखान्यात अर्ज केला. पगार कमी, पण आजूबाजूला माणसे. मुलाखतीची तयारी ती मला लावूनच करी. कान झाकलेले, त्यामुळे तिला वाटे आपण पुटपुटतोय. आवाज जाई पार गोठ्यापर्यंत. चूक माझीच म्हणा.

मुलाखत झाली, नेमणुकीचे पत्र यायचे होते. तोवर कंपनीला कळले तर हातचेही जाणार, या भीतीने तिला जेवण जाईना. गोठ्यातून ऐकून तिचे वडील गणपत सारे समजून होते. त्या सोमवारी त्यांनी तुळशीपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले. आमच्याकडे गाऱ्हाणे खणखणीत आवाजातच घालतात; आणि तुळस नेमकी तिच्या खिडकीखाली. अक्षयाने मीटिंगमध्ये उत्तर द्यायला माइक नुकताच उघडला होता.

"बा देवा म्हाराजा! माझा चेडू दिवसभर परक्यांवांगडा बोलता, घरात एक शब्द नाय. ता नोकरी सोडूक बघता आणि भिता. तेका माणसांत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई सीताने साथ दिली.

तिचे साहेब मिहीर पुण्याचे; पोरगी दिवसभर परक्यांशी बोलते, नोकरी सोडू बघते, हे सगळे त्यांना समजले.

"अक्षया, नोकरी सोडते आहेस?"

तिचा घाम माझ्या गादीत उतरला. "नाही सर" म्हटले असते तर सुटली असती. मला वाटले, म्हण बाई, म्हणून टाक!

"हो सर," ती म्हणाली. "दुसरीकडचं पत्र अजून आलेलं नाही. पण सोडते आहे."

"ठीक आहे. नंतर बोलू," एवढेच म्हणून साहेब गेले.

तिने मला काढून टेबलावर ठेवले आणि ती अंगणात उतरली.

"बाबानू, माका भय वाटता."

"माकाय वाटता गो," गणपत म्हणाले. "बस हंय."

पत्र अजून आलेले नाही. ती दुपारी खाली जेवते, मी वर एकटा असतो.

मित्रांनो, माझ्या गाद्या बदलता येतील, त्याची घाई नाही. पण तुमच्या घरात कोणी दिवसभर कान झाकून बसत असेल, तर दार वाजवा. आतले माणूस घाबरलेले असते, आणि ते स्वतःहून हाक मारत नाही. चार वर्षे मी अगदी जवळून ऐकले आहे.